लक

गुरुवारच्या लिलावात मी पावत्या लिहिते:
किती मेंढ्या, कुणाच्या, काय भावाने.
पत्र्याच्या छपराखाली दिवसभर कानावर पडतो
तो दोन अक्षरी शब्द,
ना काना ना मात्रा,
पोस्टाच्या तिकिटाएवढा.

हरवलेलं कुत्रं शोधत फिरणाऱ्याला विचारतात, काही लक?
डॉमिनोत हरलेल्याच्या पाठीवर थाप, हार्ड लक.
उद्या गवत वाळेल का?
थोडं लक असेल तर.
आणि औंदा लोकरीला भाव येईल का असं कुणी नवखा विचारतो
तेव्हा म्हातारा विल्फ्रेड थ्वेट
तोंडातला पाईप न काढताच म्हणतो,
एवढं कुठलं आलंय लक.

माझ्याकडचं नशीब जड.
सहाव्या रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते,
ज्याचं त्याला वाचता येत नाही,
उसनं देता येत नाही, बदलून मिळत नाही.
इथे ते खिशात असतं,
सुतळीचा तुकडा, मेंढ्यांच्या औषधाची चिठ्ठी
यांच्यात चुरगळलेलं.
सौदा झाला की विकणारा
मिळालेल्या पैशांतले थोडे काढून
घेणाऱ्याच्या तळहातावर परत ठेवतो.
त्यालाच म्हणतात लक.
"किती लक दिलंस?"
"दहा पौंड."
"हात आखडलास की रे."

माझ्या पावतीवर याचा रकाना नाही.

नोव्हेंबरात ईनिड एअरी आली,
नवऱ्याचा कोट घालून, बाह्या दोनदा दुमडून.
त्रेचाळीस मेंढ्या, सगळ्याच.
घेतल्या कॅलम रिगने,
डोंगराच्या पलीकडच्या अंगाचा, सव्वीस वर्षांचा पोरगा,
भावही काही फार चढला नाही.
तिने त्याच्या हातावर त्रेचाळीस पौंड मोजले.
"इतकं नसतं देत, मिसेस एअरी."
"मेंढीमागे एक," ती म्हणाली,
"आणि दिलेलं लक
घेणाऱ्याने मोजायचं नसतं."

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ.
कॅलम लांब काठी घेऊन
आपल्या बाजूचा डोंगर भोसकत होता,
इथे आहेत का, इथे,
आणि दुकानात, पंपावर, चर्चच्या फाटकाशी
जो तो विचारायचा, काही लक?
तो बुटांवरचा बर्फ झाडायचा.

चौथ्या सकाळी ऑफिसात फोन वाजला.
"त्या पोराचा नंबर आहे का गं तुझ्याकडे?
मेंढ्या माझ्याकडे आल्यात."

वादळाच्या आदल्या रात्रीच निघाल्या असणार,
कडा ओलांडून, विकल्या गेल्याचा पत्ता नसलेल्या,
आपल्या जुन्या भिंतीशी.
बर्फावर श्वासांची भोकं दिसत होती,
बशीएवढी, कडेने पिवळट.
एकेचाळीस जिवंत निघाल्या.
दोन नाही.

पुढच्या गुरुवारी दोघं माझ्या खिडकीशी उभी.
"लकी ठरलो," कॅलम म्हणाला.
"कसलं लक?" ईनिड म्हणाली,
"नॉर्मनने भिंत घातली ती वाऱ्याकडे पाठ करून.
दोन उन्हाळे गेले त्यात. एक बोटही."
कॅलम गप्प.
मग तिने पाकीट उघडलं,
दोन नाणी काढली,
जरा वेळ बघितली,
परत आत टाकली.

जाता जाता मला म्हणाली, गुड लक हं,
इथे सगळेच म्हणतात तसं,
दार ओढून घेता घेता.
मी कपाळावरचे केस मागे सारले.
दिवसभर पावत्या लिहून बोटं निळी झालेली.

घरी आरशात पाहिलं तर
भुवईच्या वर काहीतरी उमटलं होतं,
उलटं, एका ओळीचं.
वाचायच्या आत
धुऊन टाकलं.